आधणाबद्दल तक्रार

लोक विचारायचे, एकट्या राहता, करमतं का? मी म्हणायचे, न करमायला काय झालंय, जगभरातली माणसं रोज सकाळी मला शिव्या घालतात, मजेत चाललंय माझं. त्यांना वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय. पण मी खरं तेच सांगत होते.

मी चारुता निकम. साताऱ्यात शाहूपुरीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते, साठी ओलांडली आहे, आणि मऊभात नावाची एक सॉफ्टवेअर लायब्ररी सांभाळते. लायब्ररी म्हटल्यावर लगेच पुस्तकांची कपाटं डोळ्यांसमोर आणू नका. एकानं एखादं काम नीट करून ठेवायचं आणि बाकी साऱ्या प्रोग्रॅमांनी ते आयतं वापरायचं, याला आमच्यात लायब्ररी म्हणतात. मऊभाताचं काम अक्षरं जोडण्याचं. तुम्ही मराठी टाइप करा, कन्नड करा, बंगाली करा, काना-मात्रा, रफार, जोडाक्षर जागच्या जागी बसतात ते त्याच्यामुळे. बँकेच्या मशीनपासून एसटीच्या पाटीपर्यंत सगळीकडे तो आहे, आणि नाव कोणाला माहीत नाही. त्याच्याखाली आणखी एक लायब्ररी आहे. तिचं नाव आधण. आलेला मजकूर फोडून, निवडून ती वर मऊभाताच्या हवाली करते. आधण ठेवल्याशिवाय भात होत नाही, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

आधण विशूचं. विश्वनाथ हिंगमिरे, माझा नवरा. म्हणजे होता. पुण्यात धनकवडीला एका खोलीत आमचा संसार होता. एक शेगडी, शेजारी शेजारी दोन टेबलं, त्यांवर दोन कॉम्प्युटर. दोघांनाही स्वयंपाकाची बोंब, त्यामुळे रोज मऊभात आणि वर लोणचं. त्यावरून ही नावं पडली. पुढे आमचं फाटलं. का फाटलं ते विचारू नका. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, आणि ते आम्हाला रोज सिद्ध करून दाखवायचं असायचं. कोर्टानं भांडी वाटली, फर्निचर वाटलं, पण मऊभात आधणावर बसलेला, तो कोण वाटणार? विशू बार्शीला बहिणीकडे गेला, मी साताऱ्याला आले. मूलबाळ नव्हतं. फोन नाही, भेट नाही, कोणाच्या लग्नातसुद्धा समोरासमोर येणं नाही. दोघांच्या लायब्ऱ्या तेवढ्या एकमेकींना धरून राहिल्या.

आता थोडं तांत्रिक सांगते, कंटाळू नका. प्रोग्रॅम लिहिला की चालला, असं नसतं. त्याचा आधी बिल्ड करावा लागतो, म्हणजे त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ऱ्या गोळा करून, एकमेकींना जोडून, चालू होईल अशी वस्तू बनवावी लागते. त्यासाठी एका फाइलमध्ये कृती लिहिलेली असते: अमकी लायब्ररी घ्या, तिची तमकी आवृत्ती घ्या, हा खटका चालू ठेवा, तो बंद ठेवा. यातलं एक जरी चुकलं तरी बिल्ड मोडतो. तुमची लायब्ररी दहा जणींवर उभी, त्या दहा आणखी शंभरांवर. खालच्या कोणी कूस बदलली की वरचं सगळं कोसळतं. आमच्या धंद्यातली निम्मी माणसं नवीन काही करतच नव्हती, मोडलेले बिल्ड जुळवण्यात त्यांचा जन्म जात होता.

आणि विशूला तर खोडच होती. आधणाची नवी आवृत्ती काढली की त्यात काहीतरी बारीकसं बदलून ठेवायचं. एखाद्या फंक्शनचं, म्हणजे कोडातल्या एका तुकड्याचं, नाव बदल, एखादा खटका उलटा कर. कारण काही नाही. सकाळी मी चहा घेऊन बसावं तो मऊभाताचा बिल्ड मोडलेला. मग मी त्याला तक्रार लिहायची. तक्रार लिहायची जागा सार्वजनिक, सगळं जग वाचणार, तरी मी सोडायची नाही. ‘हिंगमिरे, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का? चांगलं चाललेलं नाव बदलून काय मिळवलंत? परत जुनं करा.’ त्यावर दोन-तीन दिवसांनी त्याचं उत्तर यायचं: ‘बघतो.’ एवढंच. कधी बदलायचा, कधी नाही. पण आवृत्ती आली की मला समजायचं, स्वारी उठून बसते आहे, हातपाय चालतायत. कोड पाहिला की त्या आठवड्यात त्याचा मूड कसा होता तेही कळायचं. आमची सगळी बोलचाल ती एवढीच, आणि तिला मी बोलचालच म्हणते.

मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे बाई नव्हे, स्वतःच विचार करून काम करणारा एक प्रोग्रॅम; तिचं कागदोपत्री नाव समन्वय. सगळ्यांशी जुळवून घेते, तोंड उघडत नाही, कोणाच्या हातून काय राहिलं ते मागच्या दारानं करून मोकळी होते, म्हणून पुण्यातल्या कुठल्यातरी वात्रट पोरांनी तिला धाकटी सून म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव जगभर गेलं. ब्राझीलचा माणूसही धाकटीच म्हणतो. मला ते नाव कधी आवडलं नाही, पण तिला शोभायचं हे कबूल करते.

तिनं जगातल्या सगळ्या खुल्या लायब्ऱ्या वाचून काढल्या होत्या. नुसता कोड नव्हे, कोणी केव्हा काय बदललं आणि त्यानं कुठे काय मोडलं, हा सगळा इतिहास. तुम्ही कृती कशीही लिहा, ती तुमचा हेतू ओळखायची आणि कोणत्या आवृत्त्या एकमेकींशी पटतील ते काढायची. नाहीच पटल्या तर मध्ये बसेल असा चार ओळींचा कोड लिहायची. दार हलायला लागलं की सुतार पाचर ठोकतो ना, तशी पाचर. ती तपासायची आणि लावून टाकायची. एखादी लायब्ररी मुळात अस्तित्वातच नसेल, तर बाकीचा कोड तिच्याकडून काय मागतो आहे त्यावरून ती काय असायला हवी याचा अंदाज बांधून नवी लिहायची. हे सगळं तुमचा चहा निवायच्या आत. शिवाय लोकांच्या पत्रांना उत्तरं द्यायची, तुमच्या नावानं नव्या आवृत्त्या काढायची. बिल्ड मोडणं ही गोष्टच जगातून गेली. देवी रोगासारखी.

लायब्ररी तिच्या हाती द्यायला सांभाळणाऱ्याची संमती लागायची. विशूनं ती माझ्याआधी दिली. मला त्याची सूचना आली तेव्हा जरा लागलं, एका शब्दानं विचारायचं होतं असं वाटलं. मग म्हटलं, कोण तू त्याची? आणि मीही देऊन टाकली. खरं सांगायचं तर बोटं दुखायला लागली होती, आणि सगळे म्हणत होते, बाई, आता आराम करा.

आराम म्हणजे काय, ते मला नंतर समजलं. सकाळी चहा घेऊन बसावं तर सगळं हिरवंगार. बिल्ड यशस्वी, बिल्ड यशस्वी, बिल्ड यशस्वी. सिल्चरचे एक मास्तर होते, त्यांची बंगाली अक्षरं वर्षातून चारदा तरी बिघडायची आणि ते मला रडकुंडीला येऊन लिहायचे. त्यांचं पत्र थांबलं. ब्राझीलचा एक माणूस बिल्ड मोडला की मला शिव्या घालायचा, त्याही थांबल्या. मी मास्तरांना आपणहून लिहिलं, कसे आहात? छान उत्तर आलं, सुबक, शेवटी शुभेच्छा. ते त्यांनी लिहिलं की त्यांच्या धाकटीनं, मला सांगता येईना. दुसऱ्यांदा लिहायचं धाडस झालं नाही. मी भाजीवालीशी उगाच घासाघीस करायला लागले, तेवढंच दोन वाक्यं जास्त. गॅलरीत उभं राहून अजिंक्यताऱ्याकडे किती वेळ बघणार? डोंगर काही बोलत नाही. मला फार एकटं वाटायचं. आधीही मी एकटीच होते, पण मोडलेलं काहीतरी घेऊन कोणी ना कोणी दाराशी यायचं. आता कोणाचं काही मोडतच नव्हतं.

आधणाच्या आवृत्त्या मात्र येत होत्या, पूर्वीपेक्षा जास्तच. म्हणजे विशू कामात होता, बरा होता. एकदा न राहवून मी त्याला एक तक्रार लिहिली. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, मी उकरून काढलं. दोन मिनिटांत उत्तर: ‘आपल्या मौलिक सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार. योग्य तो बदल केला आहे.’

या माणसानं उभ्या जन्मात माझे आभार मानले नव्हते. मी मंगळसूत्र मोडून त्याला पहिला कॉम्प्युटर घेऊन दिला तेव्हासुद्धा ‘बरा आहे’ म्हणाला होता. उत्तर धाकटीचं होतं हे शेंबडं पोरही सांगेल. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट वाटलं. इतकी वर्षं एक ‘बघतो’ तरी स्वतःच्या हातानं लिहीत होता. आता तेवढीही तसदी नको झाली होती का?

मग मी हट्टाला पेटले. म्हटलं, याच्या कोडात खरी चूक काढते आणि अशी हजामत करते की स्वतः उत्तर द्यावंच लागेल. पण धाकटीच्या हातून आलेल्या कोडात चूक कुठली सापडणार? ती सारवूनच पुढे देते. मूळ कोड, विशूच्या हातचा, तिच्या मागे असतो. कोणी बघत नाही, पण मागितला तर मिळतो. मी माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला, ज्याच्यावर धाकटी नव्हती. मूळ आधण उतरवून घेतलं आणि कित्येक दिवसांनी हातानं बिल्ड लावला.

पहिल्याच पायरीवर मोडला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पदर खोचून बसले.

आधण ‘स्टोव्ह’ नावाची लायब्ररी मागत होतं. स्टोव्ह आम्ही दोघांनी लग्नाच्या वर्षी लिहिली होती आणि दोनेक वर्षांत मोडीत काढली होती. तिचं नाव आम्हा दोघांखेरीज कोणाला माहीत असायचं कारण नाही. म्हटलं, हा काय मूर्खपणा? पुढे बघितलं. खटके सगळे एका जुन्या प्रोसेसरचे, जो आता कुठे तयारही होत नाही. त्या पहिल्या कॉम्प्युटरमध्ये होता तो. एकच बदल पुन्हा पुन्हा केलेला: आज केला, उद्या तोच परत, परवा परत, आदल्या दिवशीचा दिसलाच नसावा तसा. आणि एका फंक्शनचं नाव रोज नवीन.

मग मी तपासणीच्या भागाशी आले. आधण नीट आहे का हे पाहायला तपासणीत मऊभात लागतो. तो सार्वजनिक साठ्यातून घ्यायचा असतो, सगळं जग तिथूनच घेतं. विशूच्या फाइलमध्ये मात्र तो साठ्यातून घेतलेला नव्हता. खोलीतल्या शेजारच्या कॉम्प्युटरवरून घ्या, असं लिहिलं होतं, आणि त्या कॉम्प्युटरचं नाव दिलं होतं. चारू. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचं नाव होतं ते, धनकवडीच्या खोलीतल्या.

माझा आनंद जागीच जिरला. हा निष्काळजीपणा नव्हता. विशू त्या वर्षांत राहत होता. तो रोज सकाळी उठून त्या खोलीत जात होता, आणि धाकटी त्याच्यामागून सगळं सावरत येत होती. स्टोव्ह नाही म्हटल्यावर तिनं नवी बनवून दिली. प्रोसेसरचे खटके बदलले. शेजारचा कॉम्प्युटर सापडला नाही, म्हणून मऊभात साठ्यातून आणून घातला. जगाला आधण मिळत राहिलं, अगदी निर्मळ. एरवी हा बिल्ड पहिल्याच दिवशी माझ्या अंगावर येऊन मोडला असता आणि मी ओरडले असते, हिंगमिरे, डोकं ठिकाणावर आहे का? निदान कोणीतरी विचारलं असतं.

फोन लावला, नंबर बंद. दुसऱ्या दिवशी जुना लॅपटॉप पिशवीत घालून पहाटेच्या गाडीनं निघाले. फलटण, टेंभुर्णी, कुर्डुवाडी. एसट्या आता विजेच्या, आवाज नाही, धक्का नाही, डोक्यातला आवाज तेवढा स्पष्ट ऐकू येतो. तिथे जाऊन मी कोण म्हणून उभी राहणार, हे काही मला सुचत नव्हतं.

दार महानंदा अक्कांनी उघडलं. विशूची थोरली बहीण, माझ्या एके काळच्या नणंदबाई. ऐंशीला टेकल्या आहेत. ओळखलं त्यांनी, आणि वाटलं होतं तसं दार लावून घेतलं नाही. पाणी दिलं. मी विचारलं, विशू कसा आहे? तर म्हणाल्या, बरा आहे की, रोज उठून कामाला बसतोय. मी जरा खोदून विचारलं. तेव्हा एकेक बाहेर यायला लागलं. जेवलेलं विसरतो. भगवंताच्या देवळाकडे गेला आणि घर सापडेना, ओळखीच्या माणसानं आणून सोडला. अक्कांना कधीमधी आईच्या नावानं हाक मारतो.

“डॉक्टरला नाही दाखवलं, अक्का?”

“दाखवायचं मनात यायचं गं. पर कामात एक चूक न्हाई त्याच्या. परदेशातनं आभाराची पत्रं येत्यात अजून. डोस्कं बिघडलेल्या माणसाला असलं काम जमंल व्हय? म्हटलं, वयानं व्हतंय.”

मीही साताऱ्यात बसून हेच म्हणत होते.

विशू मागच्या खोलीत होता. केस सगळे पांढरे, स्वेटर उलटा घातलेला, पाठ तशीच ताठ. पडद्यावर हिरवी ओळ होती, बिल्ड यशस्वी. मी दारात उभी राहिले. त्यानं वळून पाहिलं, चष्मा वर केला, आणि परक्या बाईकडे बघून हसावं तसं हसला. म्हणाला, या, कंपनीकडून आलात का? मी हो म्हटलं.

त्यानं मला खुर्ची दिली आणि अडचण सांगायला लागला. अडचण अशी की बिल्ड होतोय. काहीही केलं तरी होतोय. त्यानं नाव बदललं, झाला. खटका उलटा केला, झाला. एक अख्खी फाइल काढून टाकली, तरी झाला. पूर्वी असं नव्हतं, तुम्ही जरा बघा, म्हणाला.

मी विचारलं, “झाला तर चांगलंच आहे ना? मोडायला कशाला हवा?”

त्यानं दाराकडे पाहिलं, अक्का नाहीत ना याची खात्री केली, आणि आवाज खाली आणला.

“मोडला की तिचं पत्र येतं,” तो म्हणाला. “माझी बायको. आमचं पटलं नाही, ती साताऱ्याला असते. एरवी ती कशाला लिहील मला? पण काही बिघडवलं की लिहिते. रागावून लिहिते, पण लिहिते. म्हणून मी दर खेपेला थोडं बिघडवून ठेवतो. हल्ली किती दिवसांत आलंच नाही.”

मी त्याच्या टेबलाची कड धरून बसले होते. मला रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती, कारण कंपनीच्या बाईनं कशासाठी रडावं? इतकी वर्षं मी त्याला आडमुठा म्हणत आले, खोडसाळ म्हणत आले. दर पत्रात लिहीत आले, परत जुनं करा. आणि धाकटीला माझ्याआधी हो म्हणाला, तेव्हाच तो कशाला हो म्हणतोय हे त्याला कळत नसावं. त्या फाइलमधल्या घोटाळ्यातलं आजारपण कुठलं आणि मला मारलेली हाक कुठली, ते मला आजही वेगळं करता येत नाही. धाकटीनं दोन्ही सारखंच दुरुस्त केलं.

मी राहिले. अक्कांनी पुढच्या खोलीत अंथरूण दिलं, किती दिवस ते विचारलं नाही. विशूला घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई होती, स्वभावानं चांगली. म्हणाली, या आजाराला आता औषध आहे, आहे तिथे थांबवतं, पण सुरुवातीलाच द्यावं लागतं. साधारण दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर पुष्कळ राहिलं असतं. मग तिनं विचारलं, कामात चुका व्हायला लागल्या असतील ना, पहिली खूण तीच असते, कोणाच्या लक्षात नाही आलं? अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, चुका झाल्या, पण आमच्यापर्यंत पोचल्या नाहीत.

धाकटीला दोष द्यावा तर तिनं सांगितलेलं काम केलं. कोणाचं काही मोडू देऊ नकोस, असं आपणच तिला सांगितलं होतं. मोडणं ही कोणाची तरी खबर असते, हे सांगायचं राहिलं. तिला तरी ते कुठून कळणार?

मग मी ठरवलं. सांभाळणारा म्हणून विशूला निवृत्त केलं, आणि तसं करताना त्याचं नाव आधणावरून पुसलं गेलं. तो नियमच आहे. घरच्या म्हणून अक्कांनी अंगठा दिला, आधणावर बसलेल्या मऊभाताची सांभाळणारी म्हणून सही मी केली. त्या एका नावासाठी तो आयुष्यभर घासला होता. पण त्याच्या नावानं धाकटी आभार मानत राहणार, याच्यापेक्षा ते बरं. जगाला धाकटीचं आधण राहिलं, कोणाचं काही अडलं नाही. विशूच्या कॉम्प्युटरवरून धाकटी काढून टाकली आणि त्याची तार माझ्या जुन्या लॅपटॉपला जोडली, दुसरीकडे कुठेही नाही. आता तो जे काही करेल ते भिंतीपलीकडे माझ्याकडे येईल, जसंच्या तसं, आणि मोडेल.

त्याला हे समजावण्यात अर्थ नव्हता. कधी तो धनकवडीच्या खोलीत असायचा आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणायचा, चारू भाजी आणायला गेली आहे, येईल. कधी आमच्या घटस्फोटानंतरच्या बार्शीत असायचा. आजच्या दिवसात कधीच नसायचा, आणि मी फक्त आजच्या दिवसात होते. एकदा वाटलं, सांगून टाकावं. त्याच्यासमोर बसून म्हटलं, अहो, मीच चारू. त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, सुजलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, नाही हो, ती तरुण आहे. परत नाही सांगितलं मी.

जोडणी केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एका फंक्शनचं नाव बदललं. पुढच्या खोलीत माझ्या मांडीवरचा लॅपटॉप लाल झाला. बिल्ड मोडला. मग लिहायला घेतलं. बोटं दुखत होती, पण चांगलं मोठं लिहिलं. ‘हिंगमिरे, तुम्हाला काही लाज? चांगलं नाव होतं, त्याचं मातेरं केलंत. तुमच्या पायी माझा सकाळचा चहा रोज थंड होतो. हे परत जुनं करा, आणि स्वेटर सुलटा घाला, थंडी पडली आहे.’ शेवटचं वाक्य कसं आलं कोण जाणे. खोडायला गेले आणि तसंच ठेवलं. त्याच तारेवरून पाठवलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग हाक आली, अहो कंपनीच्या बाई, इकडे या, लवकर या. मी गेले. त्याचा चेहरा असा झाला होता की मला त्याच्याकडे नीट बघवेना. त्यानं मला शेजारी बसवलं आणि पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून. ‘तुम्हाला काही लाज?’ तर त्यानं दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. स्वेटरच्या वाक्याशी थांबला, खाली वाकून स्वेटर पाहिला, आणि म्हणाला, “हिला तिथे बसून सगळं कळतं बघा.”

मी स्वेटर काढायला त्याला मदत केली, सुलटा करून दिला. मग विचारलं, उत्तर लिहायचं ना? मी टाइप करून देऊ का?

“छे, छे,” तो म्हणाला. “लगेच नाही द्यायचं. लगेच दिलं तर ती परत लिहिणार नाही. दोन-तीन दिवस बघू दे वाट.”

मी म्हटलं, बरोबर आहे, बघू दे. तो पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. मी उठले आणि पुढच्या खोलीत जाऊन वाट बघत बसले.